ओल्या थरावरची रांग

१

ब्रश एकदा टेकवला की न थांबता पुढं न्यायचा, आणि गेलेल्या वाटेनं परत मागं आणायचा नाही. पारमिताच्या हाताला हे आता विचार न करता जमत होतं. रुंद मऊ ब्रश पाण्यात ओला करायचा, फडक्यावर टिपायचा, टोक तेवढं पारदर्शक ग्लॉसमध्ये बुडवायचं आणि अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच पट्टा ओढायचा. मध्ये कुठं जागा सुटली असं वाटलं तरी हात आवरायचा. ती पुढच्या थरात भरून निघते. अर्धवट वाळलेल्या थरावर ब्रश फिरवायचा मोह आवरला नाही, की त्याची ओढ उमटते आणि कायमची राहते.

टेबलावर निपाणीतली जुनी तंबाखूची वखार उभी होती, पन्नासपट लहान होऊन. लाल कौलं, दगडी भिंती, बायका तंबाखू निवडायला बसत ती लांब शेड, मधलं फरसबंद अंगण आणि ट्रकांचं मोठं फाटक. रंग तिला हवा तसा मातकट, खरखरीत उतरला होता. पण खरखरीत रंगावर डेकल बसत नाही. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची ती पातळ छापील अक्षरं. खाली हवा अडकली की भोवती चंदेरी डाग दिसतो. म्हणून आधी चकचकीत थर द्यायचा, त्यावर अक्षरं बसवायची आणि शेवटी मॅट थर देऊन सगळी चमक मारायची. फाटकावरची पाटी, भिंतीवरच्या जर्द्याच्या जाहिराती, गठ्ठ्यांच्या थप्प्यांसाठी अंगणात रंगवलेले आकडे, सगळं अजून बसायचं होतं.

वडगावातली ही वरची खोली तिनं या कामासाठी भाड्यानं घेतली होती. खाली घरमालकीण सौम्याआक्कांचे यंत्रमाग दिवसभर धडधडत. सुताचे तंतू जिन्यावरून वर येत आणि ओल्या थरावर बसायला टपलेले असत. त्यामुळं थर दिला की पारमिता लगेच मॉडेलवर काचेची पेटी पालथी घाली आणि कडेनं चिकटपट्टी लावी. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत तिकडं बघायचंही नाही.

त्या सकाळी तिनं पट्टी काढली, पेटी उचलली आणि सवयीनं मान तिरकी करून खिडकीच्या उजेडात थर पाहिला. अंगण आरशासारखं उतरलं होतं. फक्त फाटकाच्या डाव्या अंगाला, भिंतीच्या पायाशी, दोन खळगे होते. शेजारी शेजारी, तांदळाच्या कणीएवढे.

मागांच्या हादऱ्यानं झालं असेल, तिनं ठरवलं. ब्रशच्या टोकानं खळग्यांत ग्लॉसचा थेंब सोडला आणि पेटी परत घातली. मात्र जिना उतरताना तिला चुटपुट लागली. नेमकं त्याच जागी व्हायचं होतं. तिथं आधी एक खोली होती.

२

ती खोली काढायला वृषभनं सांगितलं होतं.

वृषभ म्हणजे वखारीचे मालक भूपालअण्णा यांचा नातू, पारमिताचा शाळेतला वर्गमित्र. ती ग्लासगोहून संग्रहालयांचं शिक्षण घेऊन परतली ती डोक्यात एकच वेड घेऊन. निपाणीच्या बायकांनी आयुष्यं ज्या धुळीत घालवली, त्या धुळीचं संग्रहालय व्हावं, आणि ते त्याच वखारीत व्हावं. तिकडं गोऱ्या प्राध्यापकांपुढं ती यावर बोलायला लागली की तिचा आवाज कापायचा. तिला तिच्या आत्यानं वाढवलं होतं, आणि आत्या त्याच शेडमध्ये बसत होती. वखार रिकामीच पडलेली. अण्णा जागा द्यायला तयार झाले, तेव्हा पारमिता त्यांच्या पाया पडली होती.

"सगळं झकास झालंय," मॉडेलभोवती फिरून वृषभ म्हणाला होता. "फाटकाजवळचं ते खोपटं तेवढं काढ."

"ती झडतीची खोली आहे, वृषभ."

"म्हणून तर म्हणतोय. अण्णांचं वय बघ. उद्घाटनाला सगळं गाव येणार, पै-पाहुणे येणार. पोरं विचारतील, इथं काय करायचे म्हणून. काय सांगायचं त्यांनी?"

"जे करायचे तेच."

"तू ग्लासगोत बोलायलीस का निपाणीत?" तो हसला. वाईट नव्हतं हसणं. "हे बघ, अण्णा हो म्हणालेत तोवर घे पदरात. उद्या फिरले तर तिथं लग्नाचं कार्यालय होतंय. मग तू मांड तुझं संग्रहालय इथं, मागांच्या धुरळ्यात."

ती खोली काय होती ते पारमिताला माहीत होतं. मोठं फाटक ट्रकांचं. संध्याकाळी शेड सुटली की बायांनी त्या फाटकातून बाहेर पडायचं नाही. भिंतीशी रांग लावायची, एकेकीनं त्या अंधाऱ्या खोलीत शिरायचं, हात वर करायचे. मुकादमीण कंबर चाचपणार, कनवटी सोडणार, अंबाडासुद्धा सोडायला लावणार. चिमूटभर तंबाखू कुणी चोरून नेते का ते बघायला. मग पलीकडच्या दारातून रस्ता. आत्यानं हे एकदाच सांगितलं होतं, पारमिता लहान असताना, तिच्या डोक्याला तेल लावता लावता. हात न थांबवता, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं.

वृषभ गेल्यावर तिनं पातं घेतलं आणि खोली मुळापासून उचकटली. काड्यापेटीच्या निम्म्यानं होती. रंगाच्या रिकाम्या डबीत सहज मावली. भिंतीवर राहिलेला व्रण तिनं पुट्टीनं बुजवला, घासला, रंगवला. आधी संग्रहालय उभं तर राहू दे, तिनं मनाशी म्हटलं, मग ही परत बसवू. तडजोड हा शब्द त्या दुपारी तिनं इतक्यांदा घोळवला की शेवटी त्याची नुसती अक्षरं उरली.

३

मालुबाई, म्हणजे तिची आत्या, पोरीच्या जेवणाखाण्याची आबाळ नको म्हणून निपाणीहून वडगावला येऊन राहिली होती. खालच्या मागच्या खोलीत. गुडघे धरल्यामुळं जिना तिला बंद. पहाटे वंदना, मग चूल, मग सौम्याआक्कांशी निम्म्या कानडीत गप्पा, असा तिचा दिवस.

"काय वाळत घालतीस गं वर?" भाकरी वाढताना तिनं विचारलं.

"वॉर्निशसारखं असतंय, आत्या. लावताना दुधाळ, वाळलं की काच."

"वॉर्निशाचा न्हाय त्यो वास." मालुबाईनं पदर नाकाला लावला. "जर्द्याचा हाय. मी काय वळखीत न्हाय व्हय?"

"तुझ्या नाकात बसलाय तो."

"असंल बाई. नाकात बसलाय, छातीत बसलाय. आता सरणावरच निघंल." ती हसली आणि तशीच खोकली. मग ताटाकडं बघत म्हणाली, "माझी ती खोली केलीस न्हवं?"

"कुठली?"

"कुठली म्हंती बघा. ज्या खोलीनं रोज घरला सोडलं ती. सगळं बारकं बारकं करायलीस, मग ती बी केली असशील."

"केलीय," पारमिता म्हणाली. हे खोटं नव्हतं. केली होती. डबीत होती.

"मग झालं. एवढ्या बाया तितनं गेल्या, एकीनं बी बाहेर त्वांड काढलं न्हाय. लाज वाटायची. तू मांडलीस तर आता आमची लाज कशाला? ज्यांची त्यांना." तिनं पारमिताच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. "खा. लई वाळलीस."



वर येऊन पारमितानं पेटी काढली तशी तिला शिंक आली, लागोपाठ शिंका आल्या. डोळे पुसून तिनं भिंग घेतलं. काल भरलेले खळगे परत होते, आणि त्यांच्यामागं तसेच आणखी दोन. पालीची बोटं पसरट असतात, झुरळाची नुसती ओरखडल्यासारखी रेघ उठते, हे तिला माहीत होतं. भिंगाखाली टाच दिसत होती. टाचेपुढं तळव्याची आत वळलेली कड. त्याच्यापुढं पाच ठिपके, उतरत्या मापाचे.

पावलं भिंतीकडं तोंड करून होती. पुसलेल्या दाराकडं.

४

त्यानंतर ती रोज सकाळी आधी खिडकी उघडायची, मग हात धुवायची, ब्रश उगाच परत धुवायची, आणि सगळं उरकलं की मगच पेटीला हात लावायची. पावलं वाढत होती. शेडच्या दारातून निघून अंगण न ओलांडता, भिंतीच्या कडेकडेनं, एकीच्या टाचेशी दुसरीचा चवडा. पुढची जागची हलत नव्हती. मागं मात्र भर पडत होती. फाटक सताड उघडं होतं, तिनंच तसं केलं होतं. पण फाटकातून बाहेर एकही पाऊल गेलेलं नव्हतं.

शिकलेलं डोकं गप्प बसत नाही. ग्लॉस जाड झाला असेल. थरांमध्ये पुरेसा वेळ दिला नसेल. दमट हवेत असे सुरकुतल्यासारखे ठसे उठतात म्हणे. डोळ्यांवर ताण आहे, मनावर आहे, ज्याची टोचणी आहे तेच दिसतंय. तिनं फोटो काढून बघितले. फोटोत नुसती चमक आली. तोच एक फोटो तिनं वृषभला पाठवला, काही दिसतंय का विचारायचं धाडस न करता.

"मस्त," त्याचा लगेच फोन आला. "असंच ठेव. ते मॅट-बिट करू नको. अण्णांना लई आवडली चमक. आपण खऱ्या अंगणावर पण असलाच पॉलिशचा थर मारून घेऊ."

त्याच दुपारी वीज गेली. माग एकदम थांबले आणि खालून सौम्याआक्का कानडीत वीज मंडळाला शिव्या घालू लागल्या. मग त्याही दमल्या. एवढी शांतता त्या घरात पारमितानं कधी ऐकली नव्हती. ती पेटीकडं पाठ करून डेकलचा कागद कापत होती. मागून आवाज आला. चिकट जमिनीवरून अनवाणी पाय सोडवताना होतो तसा, पण फार बारीक, काचेआडचा. एक. मग त्यामागं दुसरा. मग शेडच्या बाजूपर्यंत ओळीनं सगळे, जशी रांग थोडी दाटून पुढं सरकावी.

तिनं मान वळवली नाही. कात्री तशीच धरून ती बसून राहिली, वीज येऊन खाली माग धडधडायला लागेपर्यंत.

५

उद्घाटनाचा आदला दिवस. मॉडेल न्यायला गाडी निघाली आहे हे सांगायला वृषभनं फोन केला.

"आणि ऐक. ती खोली आम्ही पाडून घेतली. गवंड्याला तुझ्या मॉडेलचा फोटो दाखवला, म्हटलं, ह्यात हाय तेवढंच ठेव. भिंत एकसंध करून वर गिलावा. आता अगदी तुझ्या मॉडेलसारखं दिसतंय बघ."

"खरी पाडली?"

"मग? मॉडेलात नाही आणि तिथं असली तर लोक विचारणार नाहीत?"

फोन ठेवून ती टेबलाशी आली. भिंग न घेताही आता रांग दिसत होती. आणि इतके दिवस समोर असलेली गोष्ट तिला त्या क्षणी कळली. या बाया आत येत नव्हत्या. त्यांची सुट्टी झाली होती. त्या घरी निघाल्या होत्या, आणि घरी जायची एकच वाट तिनं पातं घेऊन उचकटली होती.

तिनं डबी उघडली. खोली तळहातावर घेतली, भिंतीला लावून बघितली. चपखल बसत होती. गोंदाचा एक थेंब लागला असता. तिला अण्णांचा चेहरा दिसला, लग्नाचं कार्यालय दिसलं, ग्लासगोतल्या त्या सभागृहात कापणारा स्वतःचा आवाज आठवला. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

खोली परत डबीत गेली.

मग तिनं जे केलं ते तिचं तिलाच बघवत नव्हतं. ब्रश भरून घेतला आणि ठशांवर जाड थर ओतला. एकाच दिशेनं नाही. मागं, पुढं, परत मागं, घर शेणानं सारवावं तसं. भिंतीजवळ ब्रश अडला. काहीतरी मऊ आडवं आल्यासारखा. तिनं जोर लावला आणि तो पुढं सरकला.

६

उद्घाटन छान झालं. सगळे तसंच म्हणाले. अण्णांनी फीत कापली. वखारीचं अंगण काचेसारखं झळकत होतं, वरचं आभाळ त्यात उतरलं होतं, आणि बायका साड्या उचलून जपून चालत होत्या. पारमिता भाषणात कष्ट म्हणाली, इतिहास म्हणाली, सन्मान म्हणाली. आवाज एकदाही कापला नाही.

मालुबाई पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून. भाषणं झाल्यावर तिला मॉडेलपाशी नेलं. तिनं वाकून बराच वेळ पाहिलं. एक बोट काचेवर ठेवलं, फाटकाच्या डाव्या अंगाला, आणि ते तिथंच राहू दिलं.

"आत्या, ते..."

"चांगलं केलंयस," मालुबाई म्हणाली. "लई नीट केलंयस. कौलं बी लाल हाईत." तिनं बोट काढलं. काचेवर ओला ठसा राहिला.

चहाची सोय फाटकाबाहेर मांडवात होती. लोक तिकडं सरकू लागले. अंगण रिकामं होत गेलं. ऊन उतरलं होतं, साधारण शेड सुटायची वेळ.

मालुबाई फाटकाकडं गेली नाही. कडेकडेनं भिंतीशी गेली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि नव्या गिलाव्याकडं तोंड करून उभी राहिली. मग दोन्ही हात हळूहळू वर केले.

७

"आत्या, फाटक इकडं आहे. उघडं आहे."

"त्ये ट्रकाचं."

"आता कुणाचंही आहे. चल ना. चहा घेऊ."

"झडती दिल्याबिगर कसं जाऊ?" मालुबाईच्या बोलण्यात राग नव्हता, रडू नव्हतं. दमलेली होती. "तूच बघ की. आता दुसरं कोन हाय हितं?"

"मी नाही बघणार. मी कशी तुझी झडती..."

"मग मी हितंच ऱ्हाते." हात तिनं वरच धरले होते. "लवकर आटप गं पोरी. मागं बाया खोळंबल्यात."

पारमितानं मागं पाहिलं नाही. तिची नजर खाली फरशीवर गेली. चकचकीत थरात मालुबाईचं उलटं प्रतिबिंब होतं, भेगाळलेल्या टाचांना टाचा लावून उभं. आणि त्याच्यामागं आणखी टाचा होत्या. पिवळसर धुळीनं भरलेल्या, एकीमागं एक, भिंतीच्या कडेनं शेडच्या दारापर्यंत. त्या टाचांच्या वर काय होतं ते बघायला मान उचलावी लागली असती.

तिनं मान उचलली नाही. मालुबाईच्या कमरेला हात लावला. आधी डावीकडं, मग उजवीकडं. लहानपणी ज्या कमरेवर बसून ती सगळी निपाणी हिंडली होती, ती कमर तिनं चाचपली. कनवटी सोडली, आत बसचं तिकीट होतं आणि खोकल्याची गोळी. मग अंबाडा. गाठ उलगडताच पांढरे केस पाठीवर उतरले आणि बोटांना काहीतरी रवाळ लागलं. पिवळं, तिखट. तिला शिंक आली.

मालुबाईनं हात खाली घेतले, कनवटी खोचली. तिनं पारमिताच्या तोंडाकडं पाहिलं नाही. झडती घेणारीच्या तोंडाकडं तेव्हाही कुणी पाहत नसे. चपला हातात घेऊन, केस तसेच मोकळे, ती फाटकातून बाहेर गेली. मांडवात कुणीतरी तिला खुर्ची दिली.

आपणही जावं. फाटक उघडंच होतं. पारमितानं पाय उचलला, आणि फरशीवरून सोडवताना त्याचा बारीक आवाज झाला. त्याला उत्तर द्यावं तसा दुसरा आवाज झाला, अगदी जवळ. मग त्यामागं आणखी एक. शेडपर्यंत सगळे.

"पारमिता," बाहेरून वृषभनं हाक मारली. "अण्णा विचारायलेत गं तुला. झालं का नाही?"

खाली, थरात, आत्याच्या टाचा होत्या तिथं आता दुसऱ्या टाचा आल्या होत्या. त्यांतली एक अधू होती, जमिनीला पुरती टेकत नव्हती. त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. वाट बघत होत्या, घाई न करता.

"आले," पारमिता म्हणाली.

तिनं डोळे मिटले, हात पुढं केले, आणि हातांना घामानं ओलं लुगडं लागलं.